डाग आणि गोंदण

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या घराघरांच्या भिंतींवर एक नवीच चित्रकला नांदू लागली आहे. तिची प्रदर्शने भरत नाहीत, तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही आणि तिच्या कलावंतांची नावेही कोणाला ठाऊक नसतात. दिवाणखान्यात दारासमोर, चंदनाच्या हारामागे, आजोबा-पणजोबांचे जे मोठे, रंगीत, गुळगुळीत फोटो हल्ली दिसतात त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. मूळ फोटो बोटभर, पिवळा पडलेला, कसरीने कोपरा खाल्लेला. भिंतीवरचा मात्र दोन हात उंच, आणि त्यातील आजोबांच्या अंगात असा कोट, जो त्यांनी उभ्या जन्मात शिवला नव्हता. मागे बहुधा निळे आभाळ. गालावर सुरकुती नाही. डोळ्यांत मात्र सिनेनटाची चमक. यजमान अभिमानाने सांगतात, "आमचे आजोबा", आणि आपण हात जोडतो. कोणाला जोडतो?

मी गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. संगणक मी कोणत्याच वर्गात शिकलो नाही. शाळेत आलेल्या यंत्रापुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून, त्यावरचे इंग्रजी शब्द अर्थापेक्षा जागेवरून ओळखत, चुकत-माकत शिकलो. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क माझा नव्हे. पण माझ्या दोन्ही उद्योगांत खोडरबर सतत हाताशी असतो, आणि काय खोडावे व काय राहू द्यावे हा प्रश्न मला रोजचाच आहे. त्या जोरावर या नव्या चित्रकलेची थोडी झाडाझडती घ्यावी म्हणतो. निमित्त घरचेच आहे.

माझ्या आजीचा, आईच्या आईचा, एकच फोटो आहे. १९६४ च्या सुमारास आषाढीला पंढरपुरात एका फिरत्या छायाचित्रकाराने काढलेला. दोन इंच रुंद, तीन इंच उंच. नऊवारीचा पदर डोक्यावरून, कपाळावर कुंकू, आणि उन्हाने चेहरा थोडासा आक्रसलेला. आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. म्हणजे माझ्यापुरती ती या सहा चौरस इंचांतच राहते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने घर बांधले. वास्तुशांतीला आजीचा मोठा फोटो लावावा असे त्याच्या मनात आले आणि मूळ फोटो त्याने तालुक्याच्या गावी एका दुकानात दिला. दुकानदाराने तो यंत्रात घातला, एक बटण दाबले, आणि दुसऱ्या दिवशी सोनेरी चौकटीत बसवलेली आजी घरी आली. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, हे कबूल केले पाहिजे.

जेवणे उरकल्यावर थोरल्या मावशीला खुर्चीवर बसवून फोटो दाखवला. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "हिचं गोंदण कुठं गेलं रं?"

कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक ठिपका, हनुवटीवर तीन. यंत्राने ते डाग समजून पुसले होते. त्याच्या हिशेबाने स्वच्छ कातडीवर काळा ठिपका म्हणजे धूळ. ज्या खुणेवरून लेकीने आईला ओळखावयाचे तीच खूण दुरुस्तीत गेली होती, आणि आम्हा शिकल्यासवरल्या मंडळींपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

आता कोणी म्हणेल, फोटोत फेरफार काय आजचे आहेत? नव्हेतच. आमच्या लहानपणी स्टुडिओवाले "टचिंग करून देतो" असे सांगून दोन रुपये जास्त घेत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करणारा कारागीर गालावरचे वण हळुवार बुजवीत असे. काळ्या-पांढऱ्या फोटोंना पाण्याचे रंग देण्याची कलाही होती, आणि त्या रंगांचे गुलाबी ओठ अजून जुन्या वाड्यांतून हसत असतात. छायाचित्रणाला पुरती वीस वर्षे झाली नव्हती तेव्हा, १८५७ साली, इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलांडर याने तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र तयार केले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. पुढे हीच करामत भेसूर कामांनाही लागली. १९३७ मध्ये स्टालिनच्या शेजारून कालव्याच्या काठाने चालणारा पोलीसप्रमुख येझोव्ह १९४० साली गोळी घालून मारला गेला, तसा फोटोतूनही गेला. त्याच्या जागी नुसते पाणी उरले. नॅशनल जिओग्राफिक या मासिकाने १९८२ च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. हजारो वर्षे जागचे न हललेले पिरॅमिड!

पण या साऱ्या लबाड्यांत आणि आजच्या दुरुस्तीत एक फरक आहे. लबाडी करणाऱ्याला आपण काय करीत आहो ते ठाऊक असे. येझोव्हला पुसणाऱ्याला येझोव्ह कोण ते माहीत होते. आजीचे गोंदण पुसणाऱ्या यंत्राला आजीही माहीत नव्हती आणि गोंदणही.

हा फरक कसा घडत गेला ते पाहणे मनोरंजक आहे. फोटोशॉप हा आज्ञासंच थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी रचला आणि १९९० च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. आरंभीची प्रात्यक्षिके जॉनने स्वतः काढलेल्या एका फोटोवर होत. समुद्रकिनाऱ्यावर पाठमोरी बसलेली एक तरुणी. पुढे ती त्याची पत्नी झाली. म्हणजे या यंत्राने पहिला हात फिरवला तो घरच्याच माणसावर! १९९४ मध्ये त्यात थर आले. थर म्हणजे फोटोवर पारदर्शक काच ठेवून त्या काचेवर रंगवावे तसे. काच उचलली की खालचा फोटो जसाच्या तसा. पुढे २००२ मध्ये एक असा कुंचला आला की जो शेजारच्या कातडीचा पोत उचलून ओरखड्यावर बसवतो आणि छटा आपली आपण जुळवून घेतो. २०१० मध्ये नको असलेली वस्तू काढून टाकली की मोकळी पडलेली जागा त्याच फोटोतल्या तुकड्यांनी भरून निघू लागली.

"त्याच फोटोतल्या" हे शब्द महत्त्वाचे आहेत. इथपर्यंतची सारी ठिगळे त्याच लुगड्याची होती. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये भरण्याची जी नवी सोय आली, आणि तिच्या आधीपासून व नंतर चेहरे 'स्पष्ट' करून देणारी जी नाना यंत्रे निघाली, त्यांनी ही मर्यादा ओलांडली. पुसट डोळ्याच्या जागी ही यंत्रे डोळा शोधीत नाहीत, बसवतात. अगणित परक्या चेहऱ्यांवरून त्यांनी एक अदमास बांधलेला असतो, आणि आपल्या आजीच्या जागी तो अदमास पापण्यांसकट काढून देतात. चित्र रेखीव येते, ते यामुळेच. यात गोंदण बसत नाही. देवीचे वण, एक तिरळा डोळा, पडलेला दात, यांतले काहीच बसत नाही. माझ्या वर्गात मी मुलांना आरशात पाहून स्वतःचे चित्र काढायला सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने आरशाऐवजी मोबाइलमधला फोटो पाहून काढले आणि गालावरचा ठसठशीत तीळ गाळला. विचारले तर म्हणाली, "सर, फोटोत नाहीये." फोन तिला न विचारताच तो पुसत होता.

ही विद्या शिकवणारी पुस्तके आणि व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ओरखडा कसा काढावा, रंग कसा भरावा, पार्श्वभूमी कशी बदलावी हे सारे ती उत्तम शिकवतात. ओरखडा कशाला म्हणावे हे मात्र एकही सांगत नाही. जणू काही कोणता ठिपका डाग आणि कोणता ठिपका माणूस हे आपल्याला आधीच कळलेले असते. सबंध कलेतली अवघड गोष्ट तेवढीच आहे, आणि तिच्यासाठी एक पानही खर्च झालेले नाही.

म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत मूळ फोटो मागून आणला आणि स्वतः कामाला बसलो. फोटोशॉप महाग पडते. माझ्याजवळ गिम्प आहे. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले, आणि ते आजही फुकट मिळते. घरगुती कामाला ते पुरून उरते. वाचकांपैकी कोणाला असे काम करावयाचे असेल तर माझा अनुभव थोडा तपशिलाने सांगतो. तपशील सोडून या विषयावर टीका करण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट, फोटोचा फोटो मोबाइलने काढू नये. स्कॅनर वापरावा, आणि त्याची काच आधी मऊ, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. नाहीतर स्कॅनरची धूळ आपण आजीच्या कपाळी मारतो. किती बारकाईने स्कॅन करावे, याचे गणित रांगोळीच्या ठिपक्यांसारखे आहे. छापताना इंचाला तीनशे ठिपके असले म्हणजे डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. दोन इंच रुंदीचा फोटो इंचाला बाराशे ठिपके ठेवून घेतला तर रुंदीत चोवीसशे ठिपके मिळतात, आणि तो आठ इंचांपर्यंत चांगला छापता येतो. त्याहून मोठा करावयाचा तर ठिपके नवे येत नाहीत, आहेत तेच फुगतात. "पोस्टरएवढा करून देतो" म्हणणाऱ्याने ठिपके कोठून आणले हे अवश्य विचारावे.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि या लेखातून वाचकांनी एवढीच उचलली तरी मला आनंद आहे. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करावे. यंत्रात रंगीत चित्र तीन थरांचे असते : तांबडा, हिरवा आणि निळा. हे थर वेगवेगळे पाहता येतात. मूळ काळी-पांढरी प्रतिमा तिन्ही थरांत साधारण सारखीच उमटलेली असते. पण तिच्यावर नंतर पडलेला पिवळा डाग निळा प्रकाश गिळतो. म्हणून निळ्या थरात तो काळाकुट्ट दिसतो आणि तांबड्या थरात जवळजवळ नाहीसा होतो. फोटो पुसायला लागण्याआधीच अर्धी घाण अशी आपोआप गळते. मी तिन्ही थर पडद्यावर शेजारी-शेजारी मांडले. कपाळावरचा ठिपका तिन्हींत होता. हनुवटीवरचे तीनही तिन्हींत होते. पण उजव्या गालापाशी आणखी एक ठिपका होता. तो मला लहानपणापासून गोंदणच वाटत आला होता. तांबड्या थरात तो नव्हता. तो डाग होता. बहुधा हळदीचे बोट लागले असावे. कुणाच्या लग्नात हा फोटो हातोहात फिरला असेल.

त्या रात्री मला जो आनंद झाला तो चांगले पुस्तक वाचल्याच्या जातीचा होता. एकच ठिपका, डोळ्याला अगदी दुसऱ्यासारखा. पण एक आजीचा आणि एक काळाचा. हे निवडण्याचे काम पुराव्याने होऊ शकते, कल्पनेची गरज नाही.

मग पुसणे सुरू केले. मूळ फाइलची प्रत काढून ठेवली आणि तिला हात लावला नाही. सारे काम वेगळ्या थरावर केले. उजेड-काळोख वाढवताना 'ब्राइटनेस'ची कळ ओढण्याचा मोह टाळावा. तिने सगळा फोटो सरसकट पांढुरका होतो. 'लेव्हल्स' नावाच्या सोयीत काळ्याची आणि पांढऱ्याची टोके वेगवेगळी सरकवता येतात, आणि तीही थोडी-थोडीच. लुगड्याच्या चुण्यांत तपशील दिसेनासा झाला की समजावे, आपण फार ओढले. ओरखडे पडदा मोठा करून पुसावेत. पण दर दहा मिनिटांनी फोटो छापील आकाराएवढा करून दूर सरकून पाहावे. चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना चार पावले मागे जायला सांगतो, तेच हे. रेषा धारदार करण्याची सोय सगळ्यात शेवटी वापरावी, नाहीतर धूळच धारदार होते. आणि काम चालू असेतो फाइल जेपेगमध्ये साठवू नये. जेपेग ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि नजरेला न कळणारे बारकावे सोडून देते. त्यामुळे फाइल लहान होते, हे खरे. पण बदलून पुन्हा साठवली की पुन्हा काही सुटते. चकल्या या डब्यातून त्या डब्यात काढल्या की दर वेळी थोडा चुरा होतोच, तसे. गिम्पच्या स्वतःच्या पद्धतीत ठेवावी, आणि अखेरीस एक टिफ किंवा पीएनजी प्रत करावी. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की वाटेत ती दाबली जाते.

इथवर सारे ठीक झाले. अडलो ते डाव्या डोळ्यापाशी. फोटो कधीतरी घडी पडून मोडला होता आणि मोडीची पांढरी चीर बरोबर त्या डोळ्यावरून गेली होती. वरची पापणी दिसते, खालची नाही, बुबुळ नाहीच.

मी चित्रकला-शिक्षक आहे. डोळा मला दहा मिनिटांत काढता येतो. त्याहून सोपी युक्ती सगळे दुकानदार करतात तीच मीही केली : चांगल्या डोळ्याची प्रत घेतली, ती आरशासारखी उलटी केली आणि चिरेवर बसवली. कडा मिळवल्या. बेमालूम झाले. बायकोला हाक मारून दाखवले, ती म्हणाली, "छान दिसतं." मी झोपायला गेलो. पण डोळा लागेना. पहाटे उठून यंत्र चालू केले आणि पाहिले तर काय चुकले ते एकदम दिसले. ऊन डावीकडून येत होते. मूळ डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका त्या बाजूला होता. उलटवलेल्या डोळ्यात तो विरुद्ध बाजूला गेला होता. पंढरपूरच्या त्या दुपारी आजीच्या एका डोळ्यासाठी सूर्य पूर्वेला होता आणि दुसऱ्यासाठी पश्चिमेला! तो ठिपका सरकवणे कठीण नव्हते. पण सरकवायला हात उचलला आणि थांबलो. आता मी चूक दुरुस्त करीत नव्हतो, थाप अधिक सफाईने मारीत होतो. तो थर मी काढून टाकला. थरांवर काम करावे ते अशा पहाटेसाठी.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलाकारांच्या हातून गेलेला तो ग्रंथ. त्यात चुका शिरल्या होत्या, परक्या ओव्याही शिरल्या होत्या. नाथ स्वतः केवढे कवी! गळालेल्या जागी चार ओव्या घालणे त्यांना काय अवघड होते? पण त्यांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी तीत घालू नये, असे बजावून ठेवले. ज्याला उत्तम ओवी येते त्यानेच ती न घालणे, याला मी संपादन म्हणतो. संपादनाला इतकी कडक व्याख्या मला दुसरीकडे कोठे भेटलेली नाही. आणि फोटोच्या दुकानात ती टांगण्यासारखी आहे.

ओवीवरून लेखनाचा विषय निघालाच आहे, तर त्यातली माझी फजितीही सांगून टाकतो. कारण मजकुराच्या बाबतीतही यंत्र गोंदण आणि डाग ओळखत नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत राम नावाचे एक लबाड पात्र होते. माझ्या चुलतभावाचे नाव तेच. घरात कटकट नको म्हणून, हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याच्या आदल्या रात्री, मी 'शोधा आणि बदला' ही आज्ञा देऊन सगळ्या रामांचे केशव केले. दोन सेकंदांत काम झाले. प्रकाशकांचा दुसऱ्या दिवशी फोन : "गुरुजी, पान बारावर म्हातारा खाटेवर 'आकेशव' करीत पडला आहे, हे काय?" पुढे पाहतो तर पाहुणे दारात येऊन 'केशवकेशव' म्हणत होते. आणि ग्रामपंचायतीची अवस्था तर उच्चारताही येत नव्हती. कारण आपल्याला 'ग्रा' हे एक अक्षर दिसते, यंत्राच्या पोटात मात्र ते ग, पाय मोडल्याची खूण, र आणि काना असे सुटे असते. त्याला तिथेही राम सापडला. तेव्हा अशी अदलाबदल एकदम सगळीकडे करू नये. एकेक जागा पाहून होकार द्यावा. वेळ लागतो. तेवढ्यात आपले वाक्यही पुन्हा वाचून होते.

पहिल्या कादंबरीची कथा अधिक दुःखद आहे. ती २००४ साली एका टायपिंगच्या दुकानात लिहून घेतली होती. काही वर्षांनी नव्या संगणकावर ती उघडली तर मराठीचे एक अक्षर नाही. रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा भुसा. त्या काळच्या पुष्कळ फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर मराठी. तो गेला की आतले इंग्रजी उघडे पडते. युनिकोड पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि प्रत्येक अक्षराचा आकडा ठरलेला आहे, म्हणून जे लिहायचे ते त्यातच लिहावे. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला मला पंधरा दिवस लागले. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर मारावे लागे. इथे उच्चारतो त्या क्रमाने लिहायचे. जुनी फाइल बदलून देणारी यंत्रे आहेत आणि ती बरी आहेत. पण त्यांच्या भरवशावर राहू नये. माझ्या एका प्रकरणात 'आचाऱ्यांनी' लाडू वळले होते; बदललेल्या प्रतीत ते 'आचार्यांनी' वळले. अर्थ लागतो, म्हणूनच अशी चूक डोळ्यांतून सुटते.

त्या कादंबरीचे मला वाचवले ते वह्यांनी. दोनशे पानी चार वह्या माळ्यावर होत्या. त्यांत मी खोडलेले सारे अजून वाचता येते. तिसऱ्या वहीत नायिकेच्या तोंडचे एक वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले आहे. आज वाटते, दुसरेच चांगले होते. हल्लीच्या लेखनात हे कळायला मार्ग उरलेला नाही. पडद्यावर खोडलेले खरोखरच जाते, आणि जे उरते ते पहिल्यापासून तसेच होते असा आव आणून बसते. म्हणून मी आता दर रविवारी प्रकरणाची तारीख घातलेली वेगळी प्रत करतो आणि जुनीला हात लावत नाही. फोटो काय, मजकूर काय, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांत रूढ असलेला नियम मी पाळतो. घराबाहेरची प्रत बहिणीकडे असते. तिला त्यात काय आहे ते ठाऊक नाही. कपाटात दागिन्यांशेजारी ठेवते.

आजीचा फोटो मी आठ इंच रुंद छापून आणला. डाग गेले होते, हळदीचे बोट गेले होते. गोंदण होते आणि डोळ्यावरची चीर होती. मामेभावाचा चेहरा थोडा उतरला, ते साहजिकच आहे. त्याची सोनेरी चौकट भिंतीवर राहिली, हेही सांगितले पाहिजे; माझा फोटो मावशीने मागून घेतला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती खिडकीशी उजेडात गेली. बोटाने हनुवटीवरचे तिन्ही ठिपके मोजले.

मी म्हटले, "मावशी, डोळा मला काढून देता आला असता. पण राहू दिला."

"कसा काढला असतास?"

"दुसऱ्यासारखा."

"दुसऱ्यावानी कुठं हुता तो?" मावशी म्हणाली. "बारीक हुता. चुलीतला निखारा उडालेला ल्हानपनी. निम्माच उघडायचा."

मग तिने फोटो उलटा केला. मागे मी मऊ पेन्सिलीने लिहिले होते. शाईने लिहिले तर ती पुढे झिरपते. मावशीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले : आजीचे नाव, पंढरपूर, आषाढी, १९६४ च्या सुमारास, डाग काढले, चीर ठेवली.

"निखाऱ्याचंबी लिही," ती म्हणाली, आणि देवळीतली पेन्सिल माझ्या हातात दिली.